तांब्यातील स्तरदोष-ऊर्जा आणि जुन्या भांड्यांची साक्ष

मालवणच्या किनारपट्टीवरील जुन्या घरांतून तांब्याचे हंडे, घागरी व पितळी कळश्या अद्यापि आढळतात. खाऱ्या हवेने त्या हिरवटतात. परंतु त्यांच्या अंतरंगात घडणीचा वृत्तान्त टिकून असतो. अशा घडीव भांड्याचा लहानसा तुकडा घासून, आम्लाने किंचित कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता स्फटिककणांत समांतर कडांचे सरळ पट्टे दिसतात. हेच यमल स्फटिक होत. केवळ ओतलेल्या तांब्यात हे पट्टे सहसा नसतात. ठोकलेला पत्रा भट्टीत पुन्हा तापविला म्हणजे ते उपजतात. त्यानंतर थंड स्थितीत जोराचे घाव बसल्यास ते वाकतात. सारांश, कोणत्याही दप्तरात न नोंदलेला तांबटाच्या कृतींचा क्रम धातूच सांगतो. ही लिपी तांब्यातच इतकी स्पष्ट का उमटते, याचे उत्तर स्तरदोष-ऊर्जेच्या इतिहासात आहे.

तांबे, रुपे, सोने, ॲल्युमिनियम या धातूंत अणूंचे थर क-ख-ग, क-ख-ग अशा क्रमाने रचलेले असतात. हा क्रम एखाद्या ठिकाणी चुकला म्हणजे स्तरदोष होतो. दर एकक क्षेत्रफळास त्यासाठी जी अधिक ऊर्जा लागते ती स्तरदोष-ऊर्जा. ती अल्प असेल तर यमल सहज निर्माण होतात.

१९४८ मध्ये हायडेनराइख व शॉकली यांनी असे प्रतिपादिले की, या धातूंतील स्थानभ्रंश दोन अंशांत दुभंगतो व त्या अंशांमध्ये स्तरदोषाची फीत पसरते. ऊर्जा जितकी कमी, तितकी फीत रुंद. मग फीत मोजली की ऊर्जा कळावी. व्हेलन यांनी १९५९ मध्ये निष्कलंक पोलादात आणि हॉवी व स्वान यांनी १९६१ मध्ये मिश्रधातूंत याच तत्त्वावर मोजणी केली. शुद्ध तांब्यात मात्र फीत अवघी दोन ते चार नॅनोमीटर, आणि तत्कालीन प्रतिमेतील स्थानभ्रंशाची रेषाच सुमारे दहा नॅनोमीटर जाड! परिणामी अप्रत्यक्ष अनुमानांवर विसंबावे लागले, व दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ४० पासून १६० अर्गपर्यंत परस्परविसंगत आकडे पुढे आले. १९६९ मध्ये कॉकेन, रे व व्हेलन यांनी क्षीण-शलाका पद्धती मांडली. तिच्या साहाय्याने १९७१ मध्ये तांब्यासाठी सुमारे ४१ व रुप्यासाठी १६ अर्ग हे मूल्य मिळाले.

जस्त मिसळले की ही ऊर्जा आणखी घटते. म्हणूनच पितळ घावांखाली तांब्याहून लवकर कठीण होते. तांबटाच्या हाताला हे पूर्वीपासून ठाऊक होते; कारण तेवढे नवे. ॲल्युमिनियमची ऊर्जा शंभराहून अधिक असल्याने त्यात असे यमल क्वचितच दिसतात. स्वयंपाकघरात तांब्याची जागा ज्या धातूने घेतली, तो घडणीचा असा लेख जपत नाही. आणि तांब्याचे भांडे मोडीत जाऊन वितळले की त्यातील लेखही पुसला जातो. अभिलेखागारातील कागदाइतकीच काळजी या घागरींची घेतली पाहिजे, ती यासाठी.