एका मिनिटाची मोजणी

1988 च्या श्रावणात माझा धाकटा भाऊ गेला. तो अकरा महिन्यांचा होता, मी नऊ वर्षांचा. चार दिवस त्याला सर्दी-खोकला होता. मग अंग तापले, आणि पाचव्या दिवशी आईने पाजायला घेतले तरी तो तोंड लावीना. आजीने त्याच्या उघड्या पोटावर हात ठेवला आणि ती म्हणाली, "पोटात आलंय पोराच्या." लहान मुलाला धाप लागून पोट उडू लागले, की आमच्याकडे त्याला 'पोटात येणे' म्हणत, कोठे कोठे त्यालाच 'डबा' म्हणतात. उपायही पिढ्यान् पिढ्या ठरलेले होते. ओव्याचा शेक, कपाळाला अंगारा, आणि एवढ्यानेही उतार पडला नाही तर पोटावर डाग. ओढ्याला पूर होता, अण्णा तालुक्याला अडकले होते. रात्रभर चिमणीच्या उजेडात मी त्याचे ते भराभर वरखाली होणारे पोट पाहत बसलो. पहाटे ते थांबले.

मला तेव्हा तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ होते. ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे. पुढे जो इतिहास सांगावयाचा आहे, त्याच्याशी तिचा निकटचा संबंध आहे.

मी वैद्य नव्हे. शाळेत अंकगणित शिकवावे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवसाय. पण घरात घडलेल्या मृत्यूचे कारण माणसाला स्वस्थ बसू देत नाही. त्या कारणाचे नाव न्युमोनिया, हे मला मोठेपणी कळले. आणि तो ओळखण्याची विद्या माणसाला कशी साधली, हे तर त्याहूनही उशिरा.

छातीतले दुखणे ऐकण्याची युक्ती प्रथम सापडली पॅरिसमध्ये. 1816 साली नेकर इस्पितळातील डॉक्टर रेने लेनेक यांच्यापुढे हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. तिच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. त्यांनी कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर टेकवले, दुसरे आपल्या कानाशी धरले, आणि आवाज पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू आले. तोच पहिला स्टेथोस्कोप. 1819 साली लेनेक यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि फुफ्फुसातला कोणता आवाज कोणत्या रोगाचा, हे डॉक्टरांना कळू लागले. रोग कळला, तरी तो बरा करण्याचे औषध मिळावयास मात्र आणखी सव्वाशे वर्षे लागली. 1930 नंतरच्या दशकात सल्फाची औषधे आली, 1940 नंतर पेनिसिलिन आले, आणि ज्या दुखण्यापुढे डॉक्टर हात टेकीत, ते आठवडाभराच्या औषधाने बरे होऊ लागले.

येथे कोणालाही वाटेल, की प्रश्न सुटला. पण तो सुटला शहरापुरता. स्टेथोस्कोपला डॉक्टरचा कान लागतो, आणि डॉक्टर असतो तालुक्याला. शिवाय तान्हे मूल रडत असते, अंग आखडून घेत असते. त्याच्या छातीतला आवाज निवडणे जाणत्यालाही अवघड जाते. क्ष-किरणांचे यंत्र तर त्याहून दूर. खेड्यातल्या आईला रोज पडणारा प्रश्न साधा असतो. दहा पोरांना खोकला झाला, तर नऊ आपोआप बरी होतात, दहावे कोणते?

या प्रश्नाचे उत्तर मोठ्या राजधानीतून आले नाही. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात गोरोका येथे फ्रँक शान हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर मुलांवर उपचार करीत असत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 साली दाखवून दिले, की खोकणाऱ्या मुलाचा श्वास मिनिटाला पन्नासावर गेला तर त्याला औषधाची गरज आहे असे धरावे, आणि श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर दुखणे गंभीर समजावे. 1988 साली, म्हणजे माझा भाऊ गेला त्याच साली, वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यक महाविद्यालयातील डॉक्टरांनी हेच निकष पुन्हा तपासले आणि वर्षावरच्या मुलांसाठी चाळीस हा आकडा योग्य ठरतो असे दाखवले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तीन आकडे कायम केले. दोन महिन्यांच्या आतील बाळ मिनिटाला साठ वा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतील मूल पन्नास वा अधिक, आणि एक ते पाच वर्षांचे मूल चाळीस वा अधिक श्वास घेत असेल, तर तो श्वास जलद.

यामागचे कारण समजावयास सोपे आहे. न्युमोनियात फुफ्फुसाच्या बारीक पिशव्यांत द्रव भरतो, फुफ्फुस ताठर होते. खोल श्वास घेणे कष्टाचे होते, म्हणून मूल उथळ पण भराभर श्वास घेते. आजीने पोटावर हात ठेवून जे पाहिले, ते खरेच होते! 'पोटात आलंय' हे निदान चुकीचे नव्हते. चुकीचा होता तो पुढचा उपाय.

आता आपल्याच महाराष्ट्रातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा 1982 साली चंद्रपुरातून वेगळा झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी 1986 साली तेथे 'सर्च' ही संस्था काढली. खेड्यांत मुले मरतात ती प्रामुख्याने न्युमोनियाने, हे ध्यानी आल्यावर त्यांनी गावातल्याच माणसांना, अगदी सुइणींनाही, हा रोग ओळखावयास आणि त्यावर को-ट्रायमोक्साझोल हे औषध द्यावयास शिकवले. अठ्ठावन्न गावांत हे काम झाले; शेजारची चव्वेचाळीस गावे तुलनेसाठी होती. 1990 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तुलनेच्या गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे 17.5 मुले न्युमोनियाने दगावत होती. काम झालेल्या गावांत हा आकडा 8.1 होता. म्हणजे निम्म्याहून कमी.

सुइणींच्या बाबतीत एक अडचण होती. त्यांना शाळा ठाऊक नव्हती. पन्नास-साठपर्यंत मोजणार कशा? तेव्हा बंग यांनी एक उपकरण केले. एका चौकटीत मण्यांच्या दोन ओळी, एक अगदी तान्ह्यांसाठी, दुसरी त्याहून मोठ्यांसाठी. सोबत एका मिनिटाची वाळूची घटिका. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबड्या मण्याची पाळी आली, तर न्युमोनिया. बस्स! दहापर्यंत मोजता आले म्हणजे झाले. आम्ही शिक्षक मणिपाटीवर पोरांना बेरीज शिकवतो. त्याच पाटीवर निरक्षर बाया जीव वाचवू लागल्या, हे वाचले त्या दिवशी मी वर्गात बराच वेळ गप्प बसून होतो.

पुढे 1990 नंतरच्या दशकात बाळांच्या नेहमीच्या दुखण्यांची एकत्रित उपचारपद्धती जागतिक आरोग्य संघटनेने व युनिसेफने तयार केली; तिच्यात श्वास मोजणे ही प्रमुख पायरी आहे. 2014 पासून पहिले औषध म्हणून तोंडाने घ्यावयाचे अमॉक्सिसिलिन सांगितले जाते. भारतात न्युमोकोकसची लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली. तरीही जगात दरवर्षी पाच वर्षांखालील सात लाखांहून अधिक मुले या दुखण्याने दगावतात. विद्या आहे, औषध आहे. वेळेवर मोजणारे कोणी जवळ असत नाही.

म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी मी चौथीच्या मुलांना एक तास देतो. धाकटे भावंड शांत किंवा निजलेले असताना त्याचे पोट उघडे करा, घड्याळ समोर ठेवा, पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका. मूल रडत असेल तर थांबा. आकडा वर गेला, तर आशाताईंना सांगा. आणि मूल पिईनासे झाले, सगळे ओकू लागले, झटका आला, गुंगीत पडले किंवा बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर मोजत बसूच नका. त्याला तडक दवाखान्यात न्या.

तीन वर्षांपूर्वी एका मुलीने पाटीवर लिहून आणले, 'भाऊ, सात महिने, 62'. मी शाळा सहकाऱ्यावर सोपवली आणि तिच्या आईला व बाळाला मोटारसायकलवर मागे बसवून आरोग्य केंद्र गाठले. वाटेत तोच ओढा लागतो. आता त्यावर पूल आहे. ते पोर आता अंगणवाडीत जाते, आणि मला पाहिले की दाराआड लपते.