विश्वस्ताचा मेहनताना

१४. मेहनताना : विश्वस्ताला आपल्या कष्टांचे, कसबाचे वा गेलेल्या वेळेचे पैसे मागण्याचा आपसूक हक्क नसतो. भारतीय न्यास अधिनियम, १८८२, कलम ५० प्रमाणे न्यासपत्रात स्पष्ट तरतूद हवी, नाहीतर जबाबदारी पत्करतानाच लाभार्थ्याशी किंवा न्यायालयाशी तसा करार झालेला हवा. मागाहून आठवलेला पगार चालत नाही. पदरचा वाजवी खर्च मात्र न्यासाच्या मालमत्तेतून वसूल करता येतो (कलम ३२). हा अधिनियम मुळात खासगी न्यासांचा. मध्य प्रदेशात देऊळ, धर्मशाळा यांसारख्या सार्वजनिक न्यासांची नोंदणी व हिशेब मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ खाली होतात, आणि निबंधकाचे काम जिल्हाधिकाऱ्याकडे असते. तो कायदा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशाचा. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, पूर्व निमाड मात्र मध्य प्रदेशातच राहिला. प्राप्तिकर अधिनियम, १९६१, कलम १३ ने धर्मादाय न्यासाच्या विश्वस्ताला सेवेबद्दल वाजवी मोबदला देण्यास आडकाठी केली नाही. वाजवीपेक्षा जास्त दिल्यास करसवलत धोक्यात येते. इंग्लंडमध्येही जुना नियम फुकट सेवेचाच होता, पण तिथे २००० च्या कायद्याने व्यावसायिक विश्वस्तांना मोकळीक दिली. मजकुरातील गाडीभाडे, मुक्काम आणि वकिलाची फी या रकमा वाचकाने मेहनताना समजू नयेत. तो खर्च आहे.