मारामारी संपण्याआधी निकाल नको : बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राचा एक धडा

१/ बजाजनगरमधील एखादा शाळकरी मुलगा मोबाइलवरील बुद्धिबळात यंत्रापुढे प्याद्याचे आमिष टाकतो. ते खाल्ले तर यंत्राचा वजीर जाणार असतो. यंत्र फसत नाही. हे शहाणपण मात्र उपजत नव्हे. त्यामागे पाऊण शतकाचा इतिहास आहे.

२/ मार्च १९५० मध्ये क्लॉड शॅनन यांचा या विषयावरील पायाभूत निबंध प्रसिद्ध झाला. एका स्थितीत साधारण ३० चाली शक्य. दोन्ही बाजूंची एकेक चाल पाहायची तरी सुमारे १,००० शक्यता. म्हणून यंत्राने कोठेतरी थांबून मोहऱ्यांची बेरीज करावी : वजीर ९, हत्ती ५, उंट व घोडा प्रत्येकी ३, प्यादे १.

३/ पण थांबायचे कोठे? समजा, शेवटची पाहिलेली चाल ‘वजिराने प्यादे मारले’ ही आहे. यंत्र एका गुणाची कमाई मांडते. पुढच्याच चालीत तो वजीर मारला जाणार, हे त्याच्या हिशेबात नाही. प्रत्यक्षात तोटा आठ गुणांचा!

४/ शॅनन यांनी म्हणूनच बजावले : मूल्यमापन शांत स्थितीतच करावे. ॲलन ट्युरिंग यांनी अशा स्थितीला ‘मृत’ म्हटले. उलट मारणे, निराधार मोहरा मारणे, हलक्या मोहऱ्याने भारी मोहरा मारणे किंवा मात देणे शक्य असेल, तोवर हिशेब पुढे चालू. १९५२ मध्ये ॲलिक ग्लेनी यांच्याविरुद्ध ट्युरिंग यांनी हे नियम हातानेच कागदावर चालवले. डाव २९ चालींत हरला. विचार मात्र टिकला.

५/ पुढील प्रोग्रामांनी तो सुटसुटीत केला. ठरलेली खोली संपली की फक्त मारण्याच्या चाली तपासायच्या. पटावर मोहरे ३२, राजे मारता येत नाहीत. म्हणजे मारण्याच्या चाली फार तर ३०. हा शोध कधीतरी संपतोच.

६/ येथे एक बारकावा आहे. बुद्धिबळात मारण्याची सक्ती नसते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर यंत्राला ‘जैसे थे’ राहण्याचा हक्क द्यावा लागतो. अन्यथा ते तोट्याची मारामारीही अपरिहार्य समजेल. अपवाद एकच : राजाला शह असेल तर हा हक्क नाही. तेव्हा सुटकेच्या साऱ्या चाली पाहाव्या लागतात, मग त्यांत काही मारले जावो वा न जावो.

७/ तरीही उणीव राहिली. अटळ नुकसान समोर दिसले की यंत्र मध्ये निरर्थक शह देऊन ते नजरेपलीकडे ढकलते आणि टळले असे मानते. १९७० च्या दशकात हान्स बर्लिनर यांनी याला ‘क्षितिज परिणाम’ असे नाव दिले. केवळ मारण्याच्या चाली पाहून हा दोष जात नाही.

८/ ११ मे १९९७ रोजी ‘डीप ब्लू’ने गॅरी कास्पारोव्ह यांना ३.५–२.५ असे हरवले. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या त्या यंत्राच्या चिपमध्येही हा ‘शांत होईपर्यंतचा’ शोध होताच. प्रचंड वेगानेही त्याची गरज संपवली नाही.

९/ इतिहासाच्या वाचकाला ही अडचण परकी नाही. १६६५ च्या पुरंदरच्या तहापाशी हिशेब थांबवला, तर २३ किल्ले गमावलेले शिवाजी महाराज पराभूत दिसतात. पण पट तेव्हा शांत नव्हता. १६७० मध्ये सिंहगड परत आला, १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. बेरीज चुकीची नसते. ती कोठे थांबवली, हे आधी तपासावे.