ग्रेव्ही
१४. ग्रेव्ही : मूळ इंग्रजी अर्थ, भाजलेल्या मांसातून सुटलेला रस, पीठ लावून दाट केलेला. मराठीत मांसाची अट गळाली. कांदा-टोमॅटोचे वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परतून केलेला कोणताही दाटसर रस म्हणजे ग्रेव्ही. रस्सा वेगळा, तो पातळ, भाकरी कुस्करून खायचा. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या खाणावळीतला कामगार ‘नुसती ग्रेव्ही वाढा’ म्हणतो, तेव्हा त्याला पनीरचे तुकडे नको आहेत. उरलेल्या अर्ध्या पोळीला लावण्यापुरता दाट रस हवा आहे. नान-खलिया मात्र या शब्दात कोंबू नये. खलिया मटणाचा आणि पातळच, वर लाल तर्री, आणि त्याला त्याचे स्वतःचे नाव आहे.