कंदील ते सात पिन : ट्रॉलीच्या मागच्या उजेडाची गोष्ट

ऊसतोडणी सुरू व्हायच्या आधी ट्रॉलीची वायरिंग बदलायची असेल, तर या उजेडाचा थोडा इतिहास माहीत असलेला बरा. काय घ्यायचं ते त्यातूनच कळतं.

पूर्वी बैलगाडीला आसाखाली कंदील टांगायचे. मिणमिणता असायचा, पण उजेड गाडीचा स्वतःचा. बैल सोडले तरी कंदील गाडीलाच राहायचा.

मग पाणी आलं. शिरूरकडं घोड धरण (१९६५), दौंडकडं खडकवासल्याचा कालवा. ऊस वाढला, न्हावऱ्याला घोडगंगा आणि पाटसला भीमा हे कारखाने उभे राहिले. ट्रॅक्टर आला, त्याच्यामागं एकाच्या दोन ट्रॉल्या झाल्या. माझ्या मते खरा बदल इथं झाला : ट्रॉलीचा उजेड उसना झाला. तो ट्रॅक्टरच्या बॅटरीतून, जोडातून येतो. जोड ढिला झाला की मागं अंधार, आणि ड्रायव्हरला पत्ताच नाही. मागून येणारा मोटारसायकलवाला मात्र जिवाला मुकतो.

सात पिनच्या सॉकेटवरचे आकडे जर्मन मोटार मानकातून आलेत. पुढं आयएसओ १७२४ या मानकातही तेच राहिले. ३१ म्हणजे अर्थ, ५४ ब्रेक, ५८ आर आणि ५८ एल मागचे लाल दिवे, आर आणि एल इंडिकेटर. दुकानात वायरचे रंग बदलतात, म्हणून जोडणी आकडे बघूनच करा.

घेताना मी एवढं बघतो :

• अर्थची वायर वेगळी आणि जाड हवी. ड्रॉबारच्या खिट्टीतून अर्थ मिळतो म्हणून ती सोडू नका. गंज आणि धूळ बसली की दिवे मिणमिणतात.

• २१ वॉटचे दोन ब्रेक बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर घेतात. दोन ट्रॉल्यांना सात. एवढ्या लांबीत बारीक वायर घातली तर शेवटच्या दिव्याला करंट कमी पोचतो. एलईडीला करंट कमी लागतो, पण जुना फ्लॅशर असेल तर इंडिकेटर भराभर लुकलुकतो. तोही बदला.

• ट्रकचे २४ व्होल्टचे दिवे ट्रॅक्टरला चालत नाहीत.

• सॉकेटला झाकण हवं, आणि वळणावर ताण येणार नाही एवढी वायर सैल हवी.

आता राहिला कंदिलाचा धडा. ट्रॅक्टर सोडून ट्रॉली रस्त्याकडेला उभी केली, की कितीही भारी वायरिंग असली तरी उजेड शून्य. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे ट्रेलरच्या मागं दोन्ही बाजूंना लाल रिफ्लेक्टर लागतातच. त्यांना बॅटरी लागत नाही. फक्त चिखल पुसायचा, आणि उसाचं वाढं त्यावर लोंबू द्यायचं नाही.