विनोदचित्रे व तांत्रिक मालाची जाहिरात

यंत्रे, अवजारे, संगणकीय आज्ञावली यांसारख्या तांत्रिक वस्तूंची माहिती चित्रमालिका व व्यंगचित्रे यांच्या द्वारे ग्राहकास देण्याची पद्धती. अशा वस्तूंच्या विक्रीत किंमतीपेक्षा अपरिचितपणाचा अडसर मोठा असतो. ग्राहकाच्या मनातील शंका हसतखेळत दूर करणे, हे या जाहिरातीचे मुख्य प्रयोजन होय.

महाराष्ट्रातील याचे महत्त्वाचे उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिले चाळीस नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. १९१० मध्ये औंध संस्थानात कारखाना उभा राहिल्यावरही माल बनविण्याइतकेच तो पटवून देणेही निकडीचे होते. जाहिरातीचे काम लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांच्याकडे आले. ते चित्रकलेचे शिक्षण घेतलेले व्यंगचित्रकार होते. १९२० मध्ये त्यांनी किर्लोस्कर खबर हे कारखान्याचे नियतकालिक काढले. नांगर, चरक, कडबा कापण्याचे यंत्र यांच्या गिऱ्हाइकांशी संबंध ठेवणे, हा त्याचा मूळ हेतू. तथापि नव्या अवजारास विरोध करणारी रूढिप्रियता व सामाजिक सुधारणेस विरोध करणारी वृत्ती यांचे मूळ एकच असल्याने, शंकररावांच्या कुंचल्याचा रोख लवकरच अंधश्रद्धा व जुन्या चालीरीती यांकडे वळला. १९२९ मध्ये नावातील ‘खबर’ हा शब्द गळाला आणि किर्लोस्कर हे सर्वसाधारण वाचकांचे मासिक म्हणून प्रतिष्ठा पावले. जाहिरातपत्रातून सुधारणावादी मासिक घडल्याचे हे उदाहरण वैशिष्ट्यपूर्ण आहे.

पुढे मुंबईच्या एशियन पेंट्स या रंग-उद्योगासाठी आर. के. लक्ष्मण यांनी १९५४ मध्ये हातात रंगाचा डबा व कुंचला घेतलेला ‘गट्टू’ हा खोडकर मुलगा रेखाटला. घराघरांत परिचित झालेले हे बोधचित्र २००२ मध्ये मागे घेण्यात आले.

अमेरिकेत विल आइस्नर याने १९५१ पासून सैन्याच्या एका मासिकातून वाहने व शस्त्रे यांची निगा विनोदी चित्रकथांनी शिकविली. तेथे विकण्यासारखे काही नव्हते. परंतु निष्काळजीपणाची किंमत सैनिकाच्या प्राणांची होती. संगणकयुगात गूगलने २००८ मध्ये ‘क्रोम’ हा न्याहाळक सादर करताना स्कॉट मॅक्लाउड याच्याकडून चित्रपुस्तिका करवून घेतली. प्रत्येक पानासाठी स्वतंत्र प्रक्रिया चालविल्यास एक पान बंद पडले, तरी उरलेली चालू राहतात, यासारखी अंतर्रचनाही तीत अभियंत्यांच्या तोंडून उलगडली होती. त्यामुळे ती आज्ञावलीकारांनाही उपयुक्त ठरली.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. जाणकार ग्राहक अतिशयोक्ती चटकन ओळखतो, तर अनभिज्ञ ग्राहकास त्याच्याच अज्ञानावर हसलेले रुचत नाही. विनोद वस्तूच्या वापरातील खऱ्या अडचणीवर बेतलेला असेल व चित्रातील माहिती बिनचूक असेल, तरच ग्राहकाचा विश्वास संपादन करता येतो.