चिरियाखाना : ग्रंथातील व पडद्यावरील

ऐरोलीच्या पश्चिमेस खाडी व तिच्यापलीकडे मुंबई. पूर्वेकडे डोंगर, आणि घाट चढून गेले की पुणे. आमच्या दोन्ही हातांवरच्या या शहरांत राहून एका बंगाली ग्रंथकाराने आपल्या प्रांतातील लाडक्या सत्यशोधकाचे चरित्र पुढे चालविले, ही गोष्ट पुष्कळ मराठी वाचकांस ठाऊक नसेल. शरदिंदु बंद्योपाध्याय हे १९३८ साली हिमांशू रॉय यांच्या बोलावण्यावरून मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये आले, आणि १९५२ साली चित्रपटसृष्टीचा निरोप घेऊन पुण्यास स्थायिक झाले. शिवकालातील सदाशिव नामक मराठी मुलाच्या कथा त्यांनी बंगाली बालकांसाठी लिहिल्या. त्यांचा व्योमकेश बक्षी १९३२ साली जन्मला. पुढे सुमारे पंधरा वर्षे तो मौन धरून होता, व १९५१ च्या सुमारास पुन्हा बोलू लागला. 'चिरियाखाना' ही कादंबरी १९५३ ची. तिच्यावरून सत्यजित राय यांनी १९६७ साली चित्रपट काढला.

कादंबरीतील निशानाथ सेन हे मुंबई इलाख्यातील निवृत्त न्यायाधीश. कलकत्त्याजवळ त्यांनी फुलबागेची एक वसाहत वसविली असून, शारीरिक व्यंगामुळे किंवा पूर्वायुष्यातील कलंकामुळे समाजाने दूर लोटलेली माणसे तीत आश्रयास ठेविली आहेत. 'चिरियाखाना' म्हणजे प्राणिसंग्रहालय. या नावातील उपरोध उघड आहे. एका नाहीशा झालेल्या चित्रपटनटीच्या शोधापासून कथेस आरंभ होतो. चौदा वर्षे चित्रपटाच्या धंद्यात घालविलेल्या लेखकास हा धागा सुचावा यात नवल नाही. पुढे खुद्द निशानाथच मृत्यू पावतात. दिवस उन्हाळ्याचे असूनही त्यांच्या पायांत मोजे असतात. खुनी कोण, हे सांगून आम्ही कोणाचा विरस करणार नाही.

या मोज्यांपाशीच ग्रंथ व चित्रपट यांच्या वाटा फुटतात. कादंबरीत कथा सांगतो तो व्योमकेशचा मित्र अजित. त्याचे डोळे शाबूत, पण अर्थ लावण्याची शक्ती बेताची. त्याने एखादी वस्तू दहा वस्तूंबरोबर सहज नोंदविली, की वाचकही ती सहज ओलांडून जातो. पुढे उकल झाल्यावर मागली पाने चाळून पाहावे तो, लेखकाने काहीच लपविलेले नसते! कॅमेऱ्यास असा सहज उल्लेख करणे फार कठीण. त्याने मोज्यांवर दृष्टी रोखली तर रहस्य फुटते, आणि ते दाखविलेच नाहीत तर प्रेक्षकांशी लबाडी होते. शिवाय अखेरची उकल ग्रंथात दहा पाने चालली तरी वाचक श्वास रोधून वाचतो. पडद्यावर तीच उकल म्हणजे एक मनुष्य बोलत आहे व बाकीचे स्वस्थ बसले आहेत, एवढेच दृश्य.

राय यांनी हा तोल सावरण्याचा यत्न केला. उत्तमकुमार यांचा व्योमकेश जपानी गृहस्थाचे सोंग घेऊन वसाहतीत शिरतो; घरी तो साप बाळगतो. डोळ्यांस ही करमणूक होते, परंतु शरदिंदुबाबूंचा साधा, संसारी, धोतर नेसणारा सत्यान्वेषी तीत हरवतो. हा चित्रपट मुळात राय यांच्या सहाय्यकांनी योजिला होता, आणि मग तो त्यांच्या गळ्यात पडला. उत्कृष्ट दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक त्यास लाभले; तरीही राय स्वतः असमाधानीच राहिले. शेवटच्या लांबलचक उलगड्यामुळे 'खुनी कोण' या जातीची कथा चित्रपटास मानवत नाही, असे मत त्यांनी पुढे बोलून दाखविले.

त्या मताची प्रचीती 'सोनार केल्ला'मध्ये येते. ही १९७१ ची फेलूदा-कादंबरी खुद्द राय यांचीच. तीत दुष्टांचे खरे रूप अखेरीपर्यंत झाकलेले आहे. १९७४ साली तिचा चित्रपट करताना मात्र त्यांनी ते आरंभीच उघड केले. 'कोण?' हा प्रश्न जाऊन 'आता मुलाचे काय होणार?' ही काळजी आली, आणि चित्रपट सरस उतरला. आपल्याच ग्रंथाशी लेखकाने केलेल्या या फारकतीस कोणी बेइमानी म्हणेल काय? 'चिरियाखाना'त कथेचा सांगाडा राखला व नायक बदलला. 'सोनार केल्ला'त नायक राखला व सांगाडा मोडला. आमच्या मते दुसरा मार्गच अधिक इमानाचा.

तथापि एक हानी कोणत्याही दिग्दर्शकास टाळता येत नाही. रहस्यकादंबरी अजाण मनाने आयुष्यात एकदाच वाचता येते. व्योमकेश अनेक मराठी घरांत प्रथम आला तो १९९३ साली, दूरदर्शनवरील बासू चटर्जी यांच्या हिंदी मालिकेतून. रजित कपूर यांनी तो उत्तम वठविला. पण त्या कथांपुरता पहिल्या वाचनाचा आनंद कित्येकांनी तेव्हाच खर्चून टाकला. म्हणून घरातील मुलांच्या हाती आधी पुस्तक द्यावे, आणि ते संपल्यावर मगच चित्रपट दाखवावा. चित्रपट दुसऱ्यांदाही तितकाच गोड लागतो. खुनी ठाऊक झाल्यावर कादंबरीचे तसे होत नाही.